लेकराच्या नावानं संस्था काढायची असेल तर

तेराव्याच्या मांडवातच कुणीतरी म्हणतं, "लेकराच्या नावानं काहीतरी करा." मामा पन्नास हजार जाहीर करतात, शाळेतले गुरुजी ग्रंथालय सुचवतात, संध्याकाळपर्यंत तालुक्याच्या पुढाऱ्याचा फोन येतो की नोंदणीचं मी बघतो. सगळे जीव लावूनच बोलत असतात. तरीही त्या दिवशी काही कबूल करू नका. घरातल्या एकानं वहीत लिहून ठेवावं: कोण काय म्हणालं, किती म्हणालं. पैसे हातात घेऊ नका, बापाच्या फोन पेवर तर मुळीच नाही. नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी काढायची तर आधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं दर वर्षी घेतात तशी. आणि घरखात्यात मिसळलेली रक्कम दोन वर्षांनी वेगळी काढून दाखवणं कुणालाच जमत नाही.

हिशेबाचा विषय पुढं पुन्हा पुन्हा येईल. पाटीवर नाव लेकराचं आहे, म्हणून येईल. संस्थेकडं बोट दाखवणारा माणूस संस्थेचं नाव घेऊनच बोलतो, आणि ते आई-बापाला ऐकावं लागतं.

पहिलं वर्ष नोंदणीशिवाय

पहिल्या वर्षश्राद्धापर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. याला कायद्याचंही कारण आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार न्यास, म्हणजे ट्रस्ट, निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांत नोंदणीचा अर्ज द्यावा लागतो. न्यासपत्रावर सह्या झाल्या की घड्याळ सुरू होतं. दुःखाच्या भरात सह्या होतात, मग विश्वस्तांची संमतीपत्रं जमत नाहीत, जागेचा दाखला मिळत नाही, आणि मुदत निघून जाते.

या वर्षात काम मात्र करता येतं: छोटं, स्वतःच्या पैशानं, एकाच गावात. त्यातून दोन गोष्टी कळतात. हे काम आपल्याला झेपतं का, आणि ते करताना आई-बाप दोघांनाही बरं वाटतं का. अनेकदा एकाला लोकांत मिसळून आधार मिळतो आणि दुसऱ्याला लेकराचं नाव माइकवर ऐकवत नाही. दोघांनी सारखंच पुढं यावं असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. एक जण विश्वस्त आणि एक जण नुसता सोबत, अशीही संस्था चालते.

संस्था काढायलाच पाहिजे असंही नाही. एखाद्या चालू संस्थेकडं कायम निधी ठेवून त्याच्या व्याजातून दर वर्षी ठरलेलं एक काम करून घेता येतं. पाच लाखांवर सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला ३५,००० रुपये होतात. तेवढ्यात जिल्हा परिषदेच्या एका शाळेचं वाचनालय चांगलं चालतं, आणि ऑडिट, विश्वस्त बदलला की द्यायचा बदल अर्ज, विवरणपत्रं यांतलं काही तुमच्या मागं लागत नाही. पैसे देताना पत्रात "कायम निधीसाठी" असं लिहा आणि पावतीवरही तेच शब्द आहेत का बघा. नाहीतर ती साधी देणगी धरली जाते आणि त्याच वर्षी खर्च होते.

काम निवडताना

"गरजू मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी" हे वाक्य संस्थेच्या घटनेत ठीक आहे, पण त्यावर काम उभं राहत नाही. लेकरू ज्या कारणानं गेलं त्याच कारणावर काम करावं, असं बहुतेकांना आतून वाटतं. ते करावंही, फक्त ते कारण हाताला लागेल इतकं बारीक करून घ्यावं. आपल्या भागातलं उदाहरण घेऊ: शेततळं.

दुष्काळामुळं आणि २०१६ पासूनच्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेमुळं मराठवाड्यात गावोगाव तळी झाली. जालन्याकडं, कडवंचीसारख्या गावात, द्राक्षबागा त्यांच्यावरच उभ्या आहेत. तळं वाईट नाही. अडचण त्याच्या प्लास्टिकच्या अस्तराची आहे. उतारावर शेवाळाचा पातळ थर चढला की ओल्या पायाला पकड मिळत नाही. पोहता येणारं पोरसुद्धा काठापर्यंत येतं, पण वर चढू शकत नाही. त्याला ओढायला उतरलेला माणूस तिथंच अडकतो, आणि एका तळ्यात दोघं-तिघं जातात.

यावर उपाय गाठींच्या दोरीचा: काठावर खुंटीला बांधून उतारावरून पाण्यात सोडायची, म्हणजे ती धरून वर चढता येतं. ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल तळं धरा. उभ्या एक मीटरला आडवा दीड मीटर असा उतार असेल तर काठापासून तळापर्यंत तिरकी लांबी साधारण साडेपाच मीटर होते. दर फुटावर एक गाठ, म्हणजे अठरा गाठी. १६ मिलिमीटरच्या दोरीत एक गाठ वीस-पंचवीस सेंटिमीटर दोरी खाते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि दोरी निम्म्या उतारावरच संपते. उताराचे साडेपाच मीटर, गाठींचे चार, काठावरचे दोन, खुंटीला बांधायचा एक आणि पाण्यावर तरंगायला एक मीटर धरून एका बाजूला १४ मीटर लागते. चार बाजूंना चार दोऱ्या, म्हणजे एका तळ्याला ६० मीटर घ्या.

दुकानदार सगळ्यालाच नायलॉन म्हणतो. तुकडा बादलीत टाकून बघा. बुडाला तर घेऊ नका, तरंगणारी दोरी पाहिजे. शेवटच्या टोकाला पाच लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा कॅन बांधा. तो पाण्यावर लांबून दिसतो आणि धरायलाही होतो. खुंटी तीन फुटी लोखंडी अँगलची, अडीच फूट जमिनीत, तळ्यापासून उलट्या दिशेला कललेली. प्लास्टिकचा काठ ज्या चरात गाडलेला असतो त्याच्या बाहेरच ती ठोका. प्लास्टिक फाटलं तर तळं गळतं, आणि त्या गावात पुन्हा कुणी तुम्हाला दोरी बांधू देणार नाही. शेतकऱ्याची लेखी संमती आधी घ्या. उन्हानं दोरी कुजते, म्हणून दोन वर्षांनी बदलायची. बांधलेल्या दोऱ्यांतल्या काही दावणीला जातात, त्यात राग धरण्यासारखं काही नाही. मोजून जास्तीच्या जवळ ठेवा. पंचवीस तळ्यांच्या गावाला १,५०० मीटर दोरी, शंभर खुंट्या, शंभर कॅन. तपासणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण पोरं पोहायला जातात ती उन्हाळ्याच्या सुटीत.

त्याच्या जोडीला शनिवारच्या सकाळच्या शाळेत चाळीस मिनिटांचा तास. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची परवानगी घेऊन मैदानातच दोरी टाकून दाखवायची. बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारायची नाही. ओरडायचं, दोरी, काठी, ओढणी, जे असेल ते टाकायचं. मोठ्यांसाठी वेगळा तास: पाण्यातून काढलेल्या लेकराला उलटं टांगायचं नाही, पोट दाबायचं नाही. श्वास नसेल तर लगेच तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं सुरू करायचं, दुसऱ्यानं १०८ ला फोन करायचा. हे शिकवायला प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर किंवा प्रशिक्षित माणूसच बोलवा.

सर्पदंश, रक्ताचा कर्करोग, रस्त्यावरचा अपघात, कारण कोणतंही असो, इतकंच बारीक उतरावं लागतं. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात लेकराला घेऊन आलेल्या आई-बापाला औषधाइतकीच मुक्कामाची, जेवणाची आणि गावी परतायच्या भाड्याची अडचण असते. त्यातली एकच धरा. मोठ्या उपचाराचा खर्च तुम्ही भरायला जाऊ नका, निधी एका रुग्णातच संपेल. त्याऐवजी धर्मादाय रुग्णालयात निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात, त्या मिळवून द्यायला एक माणूस नेमा.

मुलांना मुक्कामी ठेवण्याचं काम पहिल्या पाच वर्षांत नको. ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं बघून वसतिगृह काढावंसं वाटतं, मन तिकडं धावतं. पण काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली वेगळी नोंदणी सक्तीची आहे. ती नसेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय रात्रंदिवस जबाबदारी घेणारी माणसं लागतात.

नाव आणि फोटो

पूर्ण नाव घालायचं की घरातलं लाडाचं, हे भावंडांनाही विचारून ठरवा. लाडाचं नाव एकदा पाटीवर गेलं की ते सगळ्या गावाचं होतं. भाऊ-बहीण शाळेत असतील तर त्यांना रोज त्याबद्दल विचारलं जाईल. आडनाव वगळून नाव आणि काम एवढंच ठेवणं आम्हाला बरं वाटतं.

फोटो कार्यालयात भिंतीवर असावा. फ्लेक्सवर नको. फ्लेक्सचा रंग मराठवाड्याच्या उन्हात दोन महिन्यांत उडतो. आधी लाल जातो, चेहरा निळसर पडतो, मग कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडत राहतो. बसस्टँडवर आईला ते बघावं लागू नये. पाटी पत्र्याची, रंगवलेली, अक्षरांचीच करा.

एका बाबतीत कायदा आड येतो. लेकरू लैंगिक अत्याचाराला बळी पडलं असेल तर त्याची ओळख उघड करता येत नाही, ते हयात नसलं तरीही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात हे स्पष्ट केलं. आई-बापाची संमती तिथं पुरत नाही, नाव उघड करण्याची गरज सत्र न्यायालयाला पटवून द्यावी लागते. अशा वेळी संस्थेला लेकराला आवडणाऱ्या एखाद्या गोष्टीचं नाव द्या आणि ते का दिलं हे घरातच राहू द्या.

न्यास की सोसायटी

सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० खालच्या संस्थेला किमान सात सभासद लागतात, निवडणूक आणि सर्वसाधारण सभा लागते. न्यास दोघा-तिघांतही चालतो. आई-बापानं काढलेल्या संस्थेला आम्ही न्यासच सुचवतो. सोसायटीत पुढं सभासद वाढवून संस्था ताब्यात घेता येते, आणि लेकराच्या नावावर दोन गटांत धर्मादाय कार्यालयात तारखा सुरू होतात. विश्वस्त पाच ठेवा. त्यात घरातले दोनच. बाकीच्यांत एक त्या कामाचा जाणकार, एक हिशेब कळणारा, आणि एक असा की जो तुम्हाला तोंडावर नाही म्हणू शकेल.

न्यासपत्रात उद्देश लिहिताना "आमच्या समाजातील मुलांसाठी" असं लिहू नका. एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या भल्यासाठीच असलेल्या न्यासाला देणगीवरच्या करसवलतीची मान्यता मिळायला अडचण येते. "जात, धर्म, लिंग न पाहता" हे शब्द सरळ घाला. विश्वस्ताची मुदत, रिकामी जागा कशी भरायची, गणपूर्ती किती, म्हणजे बैठकीला किमान किती जण हवेत, बँकेवर दोन सह्या कुणाच्या, आणि संस्था बंद झाली तर शिल्लक तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेला जाईल, ही कलमं असलीच पाहिजेत. वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा भावनेच्या भरात न्यासाला देऊ नका. न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, आणि उद्या दुसऱ्या लेकराच्या शिक्षणासाठी ती जमीन तुमची राहत नाही.

अर्ज जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात, अनुसूची दोनच्या नमुन्यात. सोबत न्यासपत्राची प्रत, विश्वस्तांची संमतीपत्रं आणि ओळखीचे पुरावे, प्रतिज्ञापत्र, कार्यालयाच्या जागामालकाचं ना हरकत पत्र आणि त्या जागेचं वीजबिल किंवा घरपट्टीची पावती. अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा नावांपायी. आधारवर एक, पॅनवर दुसरं, न्यासपत्रात तिसरं. सगळ्या ठिकाणी एकच स्पेलिंग आणि एकच क्रम करून मगच अर्ज भरा.

पैसा

नोंदणी झाली की न्यासाचा पॅन, मग बँक खातं, मग प्राप्तिकराची नोंदणी. संस्थेच्या करमाफीला लोक अजून 'बाराए' आणि देणगीदाराच्या सवलतीला 'ऐंशीजी'च म्हणतात, पण प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा असल्यानं कलमांचे क्रमांक बदलले आहेत. सीएकडून अर्ज भरून घ्या, आणि तात्पुरती मान्यता संपायची तारीख विश्वस्तांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा. ही तारीख चुकल्यामुळं चांगल्या संस्था अडचणीत आल्या आहेत. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, नव्या करप्रणालीत विवरण भरणाऱ्या देणगीदारालाही ती मिळत नाही. हे देणगी घेण्याआधी सांगा.

पावतीपुस्तक छापताना प्रत्येक पानाला क्रमांक आणि स्थळप्रत. पुस्तकं किती छापली, कुणाकडं कोणतं दिलं, कधी परत आलं याचा एक तक्ता. पावतीवर नाव, पत्ता, पॅन, रक्कम अक्षरी, रोख की ऑनलाइन, आणि "चालू खर्चासाठी / कायम निधीसाठी" यातलं एक खोडून. पावती चुकली तर फाडू नका. दोन्ही प्रतींवर आडवी रेघ, 'रद्द', सही, आणि पान पुस्तकातच ठेवा. एक पान गहाळ असलं तर ऑडिटर बाकीच्या नव्व्याण्णव पानांकडंही संशयानं बघतो.

हिशेब ३१ मार्चला बंद, ऑडिट सहा महिन्यांत. उत्पन्नाचे ८५ टक्के त्या वर्षी उद्देशावर खर्च व्हावे लागतात. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख देऊ नका, तो खर्च धरला जात नाही. दोरीसुद्धा पक्क्या बिलावर, बँकेतून. विश्वस्ताच्या भावाच्या दुकानातून घ्यायची असेल तर तीन दरपत्रकं आणि तसा ठराव.

अमेरिकेतला पुतण्या हमखास विचारतो, किती पाठवू? त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतले, बँकेमार्फत आलेले असतील तर ती साधी देणगी. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो कितीही सख्खा असला तरी ती विदेशी देणगी ठरते, आणि त्यासाठीची वेगळी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय एक रुपयाही घेता येत नाही. कंपन्यांच्या सामाजिक निधीसाठी तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो, तोवर त्यामागं धावू नका.

मुलांच्या बाबतीत

मुलांजवळ काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, विश्वस्तांसकट. कोणतंही मोठं माणूस एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटं नको. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर मुलांच्या संरक्षणासाठीच्या पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "आधी घरच्यांशी बोलू" असं म्हणत वेळ घालवणारा स्वतः गुन्ह्यात अडकतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर लावा. मदत घेतलेल्या मुलाचा चेहरा, गाव, आजार यांतलं काही अहवालात छापू नका. सायकल देताना आठ माणसांनी हँडलला हात लावलेला फोटो तर नकोच.

ज्या घरात नुकतंच लेकरू गेलंय तिथं जाण्याचे निरोप तुम्हाला येऊ लागतील. एकट्या आईनं किंवा एकट्या बापानं जाऊ नये. सोबत दुसरा विश्वस्त असावा. पावतीपुस्तक घरी ठेवून जा. स्वतःची गोष्ट विचारल्याशिवाय सांगू नका. परत आल्यावर चार दिवस झोप लागत नसेल तर पुढचे सहा महिने ते काम दुसऱ्याकडं द्या आणि तसं इतिवृत्तात लिहा, म्हणजे पुन्हा कुणी आग्रह करणार नाही.

वार्षिक कार्यक्रम पुण्यतिथीला ठेवू नका. त्या दिवशी पाहुण्यांच्या खुर्च्या आणि हार मोजत बसावं लागतं. तो दिवस घराचा राहू द्या. कार्यक्रम कामाच्या दिवशी घ्या: जूनच्या मध्यावर शाळा उघडताना, किंवा मार्चमधल्या दोरी-तपासणीला.

आणि मागं राहिलेलं भावंड. अठरा पूर्ण झाल्यावर ते विश्वस्त होईल असं सगळे धरून चालतात. न्यासपत्रात तसं लिहू नका. अठरा झाल्यावर त्याला बाजूला घेऊन विचारा, आणि नको म्हणालं तर त्याच बैठकीत दुसरं नाव शोधायचा ठराव घ्या. हो म्हणालं तर संमतीपत्र घ्या आणि नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या.